आप्पांनी वाचलेल्या ओळी

आप्पा, तो जपानी सिनेमा मला सापडला. पुण्यात एका दुकानात जुन्या डीव्हीडींचा संच होता, त्या दिग्दर्शकाच्या कमी माहीत असलेल्या सिनेमांचा. त्याचे तलवारबाजीचे सिनेमे सगळ्यांना ठाऊक. हे चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्यांचे कुणी विचारत नाही. कव्हरवर मुलीच्या दाराशी उभा असलेला तो बाप दिसला आणि मी तो संच घेऊनच आले.

सत्तरच्या दशकात दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये असले सिनेमे अधूनमधून यायचे. खाली इंग्रजी ओळी, आणि त्या वाचणारे थोडेच. म्हणून पार्सल ऑफिसातून सुटलात की तुम्ही पडद्याशेजारी खुर्ची टाकून माइकवरून सगळं मराठीत सांगायचात. जपानी सासू तुमच्या तोंडून दौंडच्या सासूसारखेच टोमणे मारायची. लोक सिनेमापेक्षा तुम्हाला ऐकायला यायचे. मला तुमचा केवढा अभिमान होता.

ताईनं जातीबाहेर लग्न करून शिरूरला संसार मांडला होता. घरात तिचं नाव काढायचं नाही, हा तुमचा हुकूम. त्या रविवारी मीच तिला बोलावलं. वाटलं, चारचौघांत तुम्ही तिला हाकलणार नाही. सिनेमा नेमका बापाचा शब्द मोडून गेलेल्या मुलीचा निघाला, हे मला माहीत नव्हतं, शपथ. आम्ही बायकांच्या बाजूला बसलो होतो. शेवटचं रीळ चढवायला दिवे लागले आणि तुम्ही ताईला पाहिलंत. मग उगाच माइक पुसत राहिलात.

दिवे जातात. म्हातारा मुलीच्या दाराशी उभा आहे. तो वाकतो, ती वाकते. तिथं सगळेच सगळ्यांपुढे वाकतात, त्यामुळे कोण कुणाची माफी मागतंय हे नुसत्या चित्रावरून कळायची सोय नाही. खालच्या ओळी मला वाचता आल्या असत्या, पण मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही म्हणालात, "पोरगी म्हणतीया, आबा, चुकले मी, पदरात घ्या. म्हातारा म्हणतोय, लई उशीर केलास. आता त्या घरात तुला जागा न्हाई."

मागून कुणीतरी "बराबर हाय" म्हणालं. ताई उठली. मी तिचा हात धरला. "सोड गं, यष्टी गाठायचीय मला," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती दौंडला आली ती तुम्हाला पोचवायला.

परवा मी ती जागा पुन्हापुन्हा मागे नेऊन पाहिली. खाली स्वच्छ लिहिलंय. बाप म्हणतो, चूक माझी होती, घरी चल. मुलगी काहीच बोलत नाही. आप्पा, तुमचं इंग्रजी कच्चं नव्हतं. मला तुमचा राग आला, या वयात, मेलेल्या माणसाचा. ते वाक्य तुम्हाला म्हणायचंच नव्हतं, की घशाशी येऊन अडकलं? आता हे विचारू कुणाला?

सिनेमा सापडल्याचं कळल्यावर काल ताई आली. गुडघे धरत खुर्चीत बसली आणि म्हणाली, "लाव त्यो सिनेमा. इतकी वर्सं वाटतंय, त्यात तसं नसंलच. आप्पा मलाच बोलले." तिला इंग्रजी येत नाही. शेवटी म्हातारा वाकला तशी ती पुढे सरकली. "काय म्हणतोय? वाच की."

ओळ समोर होती. मी तुमचंच वाक्य वाचलं.

"म्हंजी तसंच हुतं तर," ताई म्हणाली. "आप्पा मला बोलले न्हवते." आणि कितीतरी वेळ डोळे पुसत राहिली.

हा कागद मी घरात ठेवणार नाही, आणि ती डीव्हीडीही. तिच्या नातवाला इंग्रजी वाचता येतं.