दोन गावांची एक चूल

३ जून
नातीने ही वही दिली. म्हणाली, आजी, मनातलं लिहीत जा, कोणी वाचणार नाही. चौथीत शाळा सुटली माझी, पण अक्षर अजून वळणदार आहे. तर बातमी आनंदाची. आमचं गाव आणि ओढ्यापलीकडचं गाव जोडून एक नगर झालं. कचेरी एक, शाळा एक, शाळेचं स्वयंपाकघर एक, मुख्य स्वयंपाकीणही एकच. बावीस वर्षं शाळेत मीच रांधते. म्हणजे ठरल्यातच जमा. नवा एप्रन शिवायला टाकला.

६ जून
पलीकडच्या शाळेत आमच्या थोरल्या जाऊबाई रांधतात. हे लक्षातच नव्हतं. खोटं कशाला लिहू, होतं. वाटण्या झाल्यापासून आमचं बोलणं नाही. मी काही त्यांना घाबरत नाही. बाजारात दिसल्या की रस्ता ओलांडते, ते ऊन लागतं म्हणून.

१० जून, दुपार
कचेरीतल्या साहेबांचा निरोप आला, बुधवारी दोघी या आणि आपसात ठरवा. निश्चय केला : ताठ बसायचं, आधी आपण बोलायचं, 'मी' म्हणायचं. आरशासमोर बारा वेळा म्हणून पाहिलं. सून म्हणाली, कोणाशी भांडताय? दुपारची भाकरी करपली. तवा जुना झालाय.

१२ जून, बुधवार
कचेरीत पंखा होता, तरी घाम. जाऊबाई आधीच येऊन बसलेल्या. नवी नवरी असताना माझं दूध उतू गेलं होतं, तेव्हा बघितलं होतं तसंच बघितलं. साहेबांनी विचारलं, बोला, मुख्य कोण? मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, जाऊबाई. साहेबांनी लगेच लिहून घेतलं. कागद पुढे केला, मी सही केली. सही मात्र छान आली.
बाहेर पायरीवर जाऊबाई म्हणाल्या, अगं खुळे, मी तुझंच नाव सांगायला आले होते. माझे गुडघे गेलेत, आता उभ्याने रांधवत नाही. तू अशी पांढरीफटक पडलीस, मला वाटलं मनाशी काही ठरवून आलीयेस, म्हणून गप्प बसले.
मग आत जाऊन सांगू या, मी म्हणाले. म्हणजे म्हणणार होते. त्या तोवर रिक्षात बसल्या.

२४ जून
नवं स्वयंपाकघर ऐसपैस आहे. जाऊबाई दारात खुर्ची टाकून बसतात. पातेलं मी उचलते, पीठ मी मळते, दोन गावांच्या मुलांना मी वाढते. त्या फक्त म्हणतात, मीठ बघ. आणि मीठ खरंच कमी असतं, हीच पंचाईत.

२९ जून
साहेब म्हणाले, बदल करता येईल. अर्जावर दोघींची सही हवी. जाऊबाई तर आनंदाने करतील, त्यांनाच सुटका हवी आहे. फक्त विचारायचं. अर्ज रात्रीच लिहिला, माझी सहीही करून ठेवली.

११ जुलै
अर्ज पिठाच्या डब्यात आहे. तो डबा त्या कधी उघडत नाहीत.