आळशी बिया

प्रिय आई,

पाकीट हातात आल्यावर तू ते उलटंपालटं करून बघशील आणि वहिनीला म्हणशील, हिला फोन करायला काय झालं? काही झालेलं नाही. तब्येत ठीक आहे, गुडघा आता जिन्यावर कुरकुरत नाही. गेले कित्येक रविवार तुला एक गोष्ट सांगायची म्हणून फोन लावते आणि दादाच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलून ठेवून देते. फोनवर तू मध्येच माझं वाक्य दुरुस्त करतेस, आणि मग मला वाटायला लागतं की माझं मूळ म्हणणंच चुकलेलं होतं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, एवढ्यासाठी हे पत्र.

या वर्षी आमच्या बागेच्या उतारावर आपलं निळं बटण उगवलं नाही. एकही रोप नाही. हे वाक्य हळूहळू आणायचं ठरवलं होतं, पण तुला आडवळणाने बोललेलं खपत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे.

तू म्हणशील, पाऊस कमी झाला असेल. नाही झाला. हवा तसा, हवा तेव्हा पडला. गवत आलं, दगडांवर शेवाळ आलं, खालच्या बाजूची ती पिवळी रानटी झुडपं तर माजल्यासारखी फुलली. मी आणि बागेतली नवी संशोधक आठवडाभर जमिनीला नाक लावून फिरलो. ती पीएचडी असल्यामुळे माळीमंडळी तिला डॉक्टरीणबाई म्हणतात आणि डोकं दुखलं की मुद्दाम तिच्याकडे गोळी मागायला जातात. तीही न चिडता म्हणते, आधी जीभ दाखवा. तर तिने एक रोप बघून मला हाक मारली आणि मी धावले, ते गवतच निघालं.

गेल्या वर्षी काय झालं ते तुला अर्धंच सांगितलं होतं. अवेळी एक जोरदार सर आली आणि सगळा उतार एकदम हिरवा झाला. इतकी रोपं की पाय ठेवायला जागा नव्हती. मी तुला फोटो पाठवला, तू दादाच्या अख्ख्या बिल्डिंगला तो दाखवलास. त्यानंतर ऊन तापलं, आणि फुलं यायच्या आत सगळी रोपं करपली. हे मी तुला सांगितलं नाही, कारण मला काळजीच वाटली नव्हती. एका हंगामाचं झाड आहे ते. त्याला ना कंद ना टिकणारं मूळ. फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं. पण सगळ्या बिया एकाच वर्षी उगवत नाहीत, काही मातीत थांबतात, हे कॉलेजात तूच वर्गाला शिकवायचीस आणि मी मागच्या बाकावर बसून लिहून घ्यायचे. एक वर्ष बुडालं तर पुढच्या वर्षी थांबलेल्या उगवतील, असं मी बागेच्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

थांबलेल्या बियाच नव्हत्या. उतारावरची माती आणून आम्ही चाळणीवर धुतली. टरफलं निघाली, बी निघालं नाही. मग डॉक्टरीणबाईने बागेच्या शीतपेटीतली पाकिटं काढून पेरून बघितली. सगळं बी एकाच आठवड्यात उगवलं. मला आनंद झाला, ती मात्र पेन चावत बसली. तिने विचारलं, हे बी सुरुवातीपासून कसं वाढवत आलात? मी अगदी कौतुकाने सांगितलं. खाणीने या फुलाची मूळची टेकडी खाल्ली त्याच्या आदल्या हंगामात आईने हाताने बी गोळा केलं, घराच्या गॅलरीत ट्रे मांडले, पुढे बागेने काचघर दिलं, मग हा उतार. आईचा नियम कडक. तीन आठवड्यांत जे बी उगवणार नाही ते मातीसकट टाकून ट्रे रिकामा करायचा. उगवलेल्यांचंच बी धरायचं. तेच पुढच्या वर्षी पेरायचं.

तिने चावलेलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, म्हणजे झोपाळू बिया तुम्ही दर वर्षी फेकत आलात, आणि एकदम उगवणाऱ्याच ठेवल्यात.

तू त्यांना आळशी म्हणायचीस. मला तुझा तो आवाजसुद्धा ऐकू येतो. आळशांना इथे जागा नाही, असं म्हणत तू ट्रे उचलायचीस, आणि त्याच हाताने दादाच्या अंगावरचं पांघरूण ओढायचीस. तो उठून बसल्या बसल्या पुन्हा झोपायचा. मी आधीच आंघोळ करून, वेणी घालून तयार असायचे आणि त्याच्याकडे तुच्छतेने बघायचे. त्या फुलाला निळं बटण हे नाव त्यानेच दिलं होतं, त्याच्या शाळेच्या शर्टाच्या बटणावरून. तू आधी रागावलीस, शास्त्रीय नाव घ्या म्हणालीस, आणि महिन्याभरात स्वतःच बटण बटण करायला लागलीस.

आता माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे, आणि तो तुला नीट मांडून दाखवताही येत नाही. याला चूक म्हणायचं का? गॅलरी केवढी होती ते मला आठवतंय. वाळत घातलेले कपडे बाजूला सारून आपण ट्रेपर्यंत पोचायचो. ट्रे रिकामे केले नसते तर पुढचं बी कुठे पेरलं असतं? तू ते केलं नसतंस तर आज पाकिटातही बी नसतं, आणि मी कशाबद्दल लिहीत बसले असते? आणि तरीही, ज्या फुलाला तू वाचवलंस ते आता कुंडीत जगेल, काचघरात जगेल, कुणी वेळेवर पाणी घातलं तर जगेल. उतारावर आपलं आपण जगणार नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी सकाळी एक खरं मानते आणि संध्याकाळी दुसरं.

त्यात साहेबांचं वेगळंच. उतारावरच्या पायवाटेला तुझं नाव द्यायचं त्यांनी ठरवलंय, पाटी रंगवून तयार आहे. तू त्यासाठी नवा चष्मा केलास असं वहिनीकडून कळलं. साहेब म्हणतात, या वयात त्यांना कशाला सांगता, काचघरातली रोपं समारंभाच्या आदल्या दिवशी नेऊन लावू, त्या खूश होऊन जातील. मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. ती वाकून बोटाने माती उकरून बघेल. ते हसले. मी पण हसले, आणि घरी येताना वाटलं की लावूनच टाकावीत रोपं. तुला एक दिवस निळा उतार दिसला तर कुणाचं काय जाणार आहे? हे दोन दिवस वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याची लाज वाटली.

आणखी एक लिहायला हवं, नाहीतर हे पत्र खोटं होईल. डॉक्टरीणबाईने ते वाक्य उच्चारलं तेव्हा वाईट वाटण्याआधी, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. आयुष्यभर जिने माझी प्रत्येक ओळ तपासली तिच्या कामात काहीतरी निघालं, असं. मग वाईट वाटलं, पण क्रम तोच होता. तेव्हापासून मला कळत नाही की तुला खरं सांगायचा माझा हट्ट प्रामाणिकपणाचा आहे की हिशेब चुकता करण्याचा. विचार करून दमले. उत्तर मिळालं नाही, आणि आता त्याची वाट बघायला वेळही नाही.

कारण मला तुला एक गोष्ट विचारायची आहे, आणि हे सगळं सांगितल्याशिवाय ती विचारता येत नव्हती. बियांचं काही न सांगता नुसता प्रश्न विचारला असता तर तू दुसऱ्या मिनिटाला ओळखलं असतंस. आई, गॅलरीतल्या न उगवलेल्या ट्रेची माती बाबा कुठे नेऊन टाकायचे? बादली भरून ते खाली उतरायचे एवढंच मला आठवतं. ते गेटकडे वळायचे की मागच्या भिंतीकडे, ते मी कधी बघितलं नाही, मी शाळेच्या घाईत असायचे. दादाला विचारलं तर म्हणाला, तेव्हा मी झोपलेलो असायचो. बाबांना विचारायची सोय नाही. राहिलीस तू एकटी. डॉक्टरीणबाई म्हणते की सावलीत, न खणलेल्या जागी असलं बी फार वर्षं तग धरू शकतं. आशा थोडीच आहे, पण शोधायला जागा तरी कळली पाहिजे. आपल्या जुन्या बिल्डिंगच्या मागचा भाग पुढच्या महिन्यात खणायला घेणार आहेत, पार्किंगसाठी. तिथेच टाकत असतील तर मला त्याआधी फावडं घेऊन जावं लागेल. पत्र वाचलंस की लगेच फोन कर. रागावून केलास तरी चालेल, माझी वाक्यं दुरुस्त केलीस तरी चालेल. आधी जागा सांग.

तुझीच,
धाकटी