केळी पिकवायची खोली

भुईगाव, ४ डिसेंबर १९४९

पोचले एकदाची. वसई रोडला बाळंतिणीचे यजमान प्लासिड स्वतः बैलगाडी घेऊन उभे होते. सुईणपण करणाऱ्या नर्सला इतक्या मानाने कोण नेतं? वाटभर दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, पानवेली, रहाटांची करकर. घर दुमजली, कौलारू, नुकतंच चुना लावलेलं. माडीवर बाळंतिणीची खोली, तिला लागून माझी. जमीन फळ्यांची आहे. बाळंतिणीच्या खोलीखाली केळी पिकवायची खोली, त्यामुळे फटींतून धूर आणि पिकल्या केळ्यांचा गोड वास वर येतो. प्लासिडच्या आई रोझलिनबाय यांनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. ‘आमच्या घरात तुम्हाला चालेल ना?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, इस्पितळात काम केलेल्या प्रमोदिनीला सगळं चालतं. हसल्या. घर फार आवडलं.

७ डिसेंबर

सुनेशी आज नीट ओळख झाली. बाप्तिस्म्यानंतर तिला मारिया म्हणतात, पण खरं नाव दालूमाय. ती फिलिपिन्समधल्या मिंदानाव बेटावरची, मानोबो लोकांतली. प्लासिड बोटीवर खलाशी होते. लढाईत बोट त्या किनाऱ्याजवळ बुडाली, तेव्हा या लोकांनी त्यांना नदीच्या वरच्या अंगाला रानात लपवलं आणि जपानी जाईपर्यंत पोसलं. दालूमायचा बाप तिथला दातू, म्हणजे मुखिया. प्लासिड रंगून सांगत होते. तिकडे घरं उंच खांबांवर असतात, शिडीने चढायचं. तंटा झाला की दातू दोन्ही पक्षांना बसवून आधी पान खायला लावतो, मग बोलणं. कोणी आजारी पडलं तर बायलान, म्हणजे त्यांची देवाची बाई, अदृश्य शक्तींपुढे पानसुपारी मांडते. तिथे लहानपणी दात घासून काळे करतात. पांढरे दात कुत्र्याचे, असं ते मानतात.

ते काळे दात पाहून इथली पोरं पळतात, म्हणून रोझलिनबाय तिला खाली उतरू देत नाहीत. तिचे मणी आणि पितळेची कडी त्यांनी विहिरीत टाकली. दालूमाय मात्र केळीच्या सोपटातून धागा काढून कमरेला ताणून विणत बसते. त्यांच्याकडे केळीसारख्याच एका झाडाच्या धाग्याचं कापड होतं म्हणे. बाळाला गुंडाळायला विणते आहे. मराठी ती कामवाल्या जिजाकडून शिकली. जिजा जवळच्या जूचंद्र गावची, तिच्या बोलीत ‘ण’ नाही, त्यामुळे हीसुद्धा ‘पानी’ मागते. गंमत वाटते.

१५ डिसेंबर

आज तिला वसईच्या इस्पितळात न्यायचं होतं. गाडी वेशीपर्यंत गेली आणि डावीकडे होला पक्षी घुमला. दालूमायने बैलांचा कासरा धरला. तिच्या लोकांत होल्याने अडवलं तर पुढे जायचं नाही, त्या दिवशी घरी परतायचं. उद्या येईन, असं ती रडून सांगत होती. रोझलिनबायनी सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली आणि गाडी फिरवली. आता बाळंतपण घरीच होणार, पुन्हा गाडी जुंपणार नाही, असं त्यांनी बजावलं. घरी येऊन विणलेलं कापड चुलीत घातलं. प्लासिड ओसरीवर विडी ओढत बसून होते.

मला वाईट वाटलं. पण सासू-सुनेत आपण कशाला बोलायचं?

२१ डिसेंबर

खाट झाडताना खाली सुरी आणि लिंबं सापडली. विचारलं तर दालूमायने फळ्यांच्या फटीकडे बोट दाखवलं. प्लासिडनी उलगडून सांगितलं. बाळंतपणाच्या रक्तावर बुसाव, म्हणजे रक्त पिणारं त्यांच्याकडचं भूत, येतो. घराखाली येऊन उभा राहतो. म्हणून नवऱ्याने भाला घेऊन घराखाली पहारा करायचा. तिच्या धाकट्या भावाच्या वेळी तिचा बाप असा उभा होता, हे तिने त्यांना सांगितलं होतं. आता केळ्यांच्या खोलीत त्यांनी कोयता घेऊन उभं राहावं, एवढंच ती मागते आहे.

मी विचारलं, उभं राहायला काय हरकत? ते म्हणाले, तिच्या गावी उभा राहिलो असतो. इथे लोक हसतील.

सुरी आणि लिंबं मी फेकून दिली. बाळंतिणीच्या खोलीत स्वच्छता हवी.

२८ डिसेंबर

दुपारी मुलगी झाली. बाळ छान आहे. कळा चालू असताना दालूमाय खालच्या फटीतून नवऱ्याला हाका मारत होती. ते ओसरीवरच बसून होते. रक्त बरंच गेलं. फळ्यांमधून खाली गळत होतं. टपटप आवाज येईल असं वाटलं होतं. आला नाही. खाली कोणीतरी चाटत असल्यासारखा आवाज आला. मांजर असेल.

रोझलिनबायनी नाळ कापताक्षणी बाळ उचलून आपल्या खोलीत नेलं.

३० डिसेंबर

बाळंतिणीला ताप. डॉक्टर बोलवा म्हटलं. रोझलिनबाय म्हणाल्या, नको. नात आली, आता रानटी सून कशाला? बाळाला शेळीचं दूध चालतं आहे. खोलीला बाहेरून कडी घालायची, साथीचा ताप आहे असं गावात सांगायचं. आणि बाळाला सांभाळायला मी इथे कायमची राहायचं.

कायमचं घर. मी मग कडी घातली.

२ जानेवारी १९५०

जिजाला वर जायची बंदी आहे, पाणी मीच नेते. दालूमाय खाटेवर नाही. फळ्यांवर पालथी पडून फटीला तोंड लावून बोलत असते. छातीतून दूध वाहून लुगडं भिजलं आहे. जेवणानंतर मिळालेली विड्याची पानं तिने लपवली होती, त्यांचे विडे करून एकेक फटीतून खाली सोडते. खालून चघळण्याचा आवाज येतो. मांजर पान खात नाही.

मला पाहून उठून बसली. शांतपणे म्हणाली, “मी हाय तवर तो खालीच. मी त्याशी बोलते. मी मेली की हे घर सोडा, सगल्यांनी. माझी पोर घेऊन जा.”

पानं संपली होती. अजून पानं दे, म्हणाली. वाडीत वेली भरून पानं आहेत. रोझलिनबायना विचारलं. त्या म्हणाल्या, भुताला खाऊ घालायला आमची वाडी नाही.

५ जानेवारी

गेली. सकाळी कडी काढली तेव्हा ओठ फळीला चिकटलेले.

पाद्रींना कळवलं नाही. प्लासिडनी केळीच्या आळ्यात पुरलं. पायानेच माती ओढली. मी दिवा धरला होता.

घर सोडायचं का, असं मी विचारलं. रोझलिनबाय हसल्या. जिजा बाळ मागत होती, जूचंद्रला नेते, वाढवते म्हणाली. तिला हाकलून दिलं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

७ जानेवारी

माझ्या खोलीतल्या फळ्या खालून कोणीतरी चाचपतं. एकेक फळी. दिवसासुद्धा.

८ जानेवारी

केळी बाजारात जायची होती. दुपारी बारा वाजता प्लासिड कोयता घेऊन खालच्या खोलीत उतरले. आता तरी पहाऱ्याला जातो, म्हणाले. रडत होते. आई ओरडली, घड काढ आणि वर ये.

प्लासिड ओरडले नाहीत. बऱ्याच वेळाने मीच दार ढकललं. घडांच्या मधे पडले होते. जखम दिसत नव्हती. अंगात थेंब उरला नव्हता. हात उचलला तर कागदासारखा हलका.

तोंडात पानाचा विडा.

९ जानेवारी

रोझलिनबायनी बाहेरच्या दारांना कुलपं घातली. गावात कळता कामा नये म्हणे. किल्ल्या त्यांच्या कमरेला. बाळाला घेऊन त्या माडीवर आपल्या खोलीत, आतून कडी. मी दार ठोठावलं, मलाही आत घ्या म्हटलं. आतून सावकाश बोलल्या, जेवायला बोलवावं तशा.

“बाळंतपणाचं रगत तुझ्या हातांना लागलंय, बाय. ते तुझ्यामागं येल. तुझ्यावर त्याचं पोट भरंल. खाली जाऊन बस.”

खिडक्यांना गज आहेत. हाका मारल्या. वाडी मोठी — कोणाला ऐकू जात नाही —

हात राखेने घासले. चुन्याने घासले. साल निघाली. आता माझंच रक्त —

१० जानेवारी

स्वयंपाकघरात बसले आहे. ऊन आहे. पिकवायच्या खोलीचं दार समोर, उघडं. मी उघडलं नाही.

वर बाळ रडतं. त्या गातात. मग गाणं थांबवून खाली विचारतात, झालं का, बाई? दर थोड्या वेळाने. झालं का?

मी उत्तर देत नाही. जिवंत आहे हे त्यांना कळलं तर त्या वाट बघत बसतील — नाही कळलं तर —

दारात काहीतरी उभं आहे. उभं म्हणजे — गोड वास. माझ्याकडे येत नाही. वर बघतं आहे. छताच्या फळ्यांकडे. बाळाच्या रडण्याकडे कान —

झालं का, बाई?

“हो, झालं. या खाली.”

माझा आवाज. हुबेहूब माझा. मी तोंड उघडलं नव्हतं —

वर कडी सरकली. किल्ल्या वाजतायत. बाळाला घेऊन जिना उतरतायत — उतरू नका — ओरडते आहे, माझा आवाज माझ्या तोंडात नाही, तो त्याच्या —

तिसऱ्या पायरीवर — बाळ थांबलं रडायचं — ते बाळाकडे हात पुढे करतं —