घंटेला कापड

३ एप्रिल १९३१, शुक्रवार

आज पुन्हा वाचायला बोलावणे आले. नमाज आटोपून पुरुषमंडळी तोकच्या ओसरीवर बसली आणि मी नेहमीप्रमाणे आतल्या दाराआड उभी राहून कागद वाचला. तोक म्हणजे आमचे गावप्रमुख. त्यांना अरबी लिपी येते, कचेरीची रोमन लिपी येत नाही. मला दोन्ही येतात. शाळेत पाचही इयत्ता पहिली आले, त्याचे हे बक्षीस — सरकारचा आवाज माझ्या तोंडून निघतो, आणि तोंड कोणाला दिसत नाही. बरेच आहे. दिसले असते तर मला शब्द फुटला नसता.

कागद असा: 'सर्व नाविकांस व मच्छीमारांस कळविण्यात येते की, नदीमुखाबाहेर वाळूच्या दांड्यानजीक घंटा असलेला तांबडा तरंगता बोया नांगरण्यात आला आहे. घंटा लाटांबरोबर आपोआप वाजेल. बोयास कोणीही होडी बांधू नये, तो हलवू अगर मोडू नये.'

तीन वाक्ये. खाली एक सही, ती मलाही वाचता येत नाही.

"कोणासाठी वाजणार ही?" बाबांनी विचारले.

"आगबोटीसाठी," तोक म्हणाले. "धुक्यात दांडा दिसत नाही त्यांना."

"मग जपून यावं. आम्ही रोज येतोच की."

सगळे हसले. मीसुद्धा, दाराआड.

८ एप्रिल

तीन दिवस नाव रिकामी आली.

१० एप्रिल

बाबा काय करतात ते मी कधी लिहून ठेवले नाही. जे रोजचे असते ते लिहावेसे वाटत नाही. पण आता लिहिते.

समुद्रात नारळाची झापे बांधून सोडलेली असतात, मासे त्यांच्या सावलीला जमतात. नाव तिथे थांबली की बाबा काठ धरून पाण्यात उतरतात, डोके बुडवतात आणि ऐकतात. चौदा माणसे तोवर हूं की चूं करत नाहीत. बाबा वर येऊन सांगतात — टाका, किंवा चला पुढे. जाळे त्यांच्या कानावर पडते. किनाऱ्यावर प्रत्येक नावेला असा एक ऐकणारा असतो, आणि बाबांसारखा ऐकणारा दहा गावांत नाही.

लहानपणी मी विचारले होते, मासे बोलतात कसे? म्हणाले, "ढोमा घोरतो. तुझ्या आजोबांसारखा. आणि बांगड्यांचा थवा म्हणजे लांब कुठं झावळ्यांवर पाऊस पडत असावा तसा."

आज विचारले, आता काय ऐकू येते? म्हणाले, "लोखंड."

१९ एप्रिल

किनाऱ्यावर सगळ्यांदेखत झाले. मी आणि आई मासे सुकवायच्या ताट्या उलटत होतो. ताट्यांवर कालचेच होते, परवाचेच होते.

पाक जुसोह आमच्या नावेचा सुकाणू धरतो. बाबांच्या वयाचा, बाबांहून मोठ्या आवाजाचा. वाळूत वल्हे रोवून म्हणाला, "देरामान, घंटा तिकडे, आपली झापं इकडे. मध्ये तासाभराचं वल्हवणं. कशाला बोल लावतोस तिला?"

"पाण्यात लोखंडाचा आवाज थांबत नाही," बाबा म्हणाले. "तू एकदा डोकं घालून बघ."

"मी घातलं. मला आधीही काही ऐकू येत नव्हतं, आताही येत नाही. माझं ठीक आहे, मी सुकाणूवाला." मग इतरांकडे वळून, "नाचता येईना अंगण वाकडं, आणि ऐकू येईना समुद्र वाकडा."

हसले. सगळे नाही. पण हसले.

अबांग लाझिम, माझा मोठा भाऊ, नावेच्या नाळेवर बसून दोर वळत होता. तो हसलाही नाही आणि उठलाही नाही. दोर मात्र त्याने इतका आवळला की तो पुढे उलगडताच आला नाही.

पाक जुसोहचा मला मनस्वी राग आला आहे. बाबा म्हातारे झाले, कान गेले, घंटा हे निमित्त — हेच तो उद्यापासून चहाच्या दुकानात सांगेल. आणि चौदा घरांच्या चुली बाबांच्या कानावर पेटतात, तेव्हा लोक ऐकतीलच.

२ मे

अर्ज लिहिला. चार वेळा फाडला. बाहेर कोणाशी दोन वाक्ये बोलायची तर मी आईला पुढे करते, पण अर्जात मला भय वाटत नाही. अर्जात मी पाठीचा कणा ताठ करून उभी राहू शकते.

'सेवेशी सादर विनंती की, सदर घंटेचा ध्वनी पाण्याखाली दूरवर पसरत असून त्यायोगे माशांचा आवाज ऐकून जाळे टाकण्याच्या आमच्या परंपरागत व्यवसायास बाध येत आहे. तरी घंटेऐवजी अन्य खूण योजावी.'

त्रेसष्ट अंगठे उठले. पाक जुसोहनेही उठवला. म्हणाला, "कल्थुमचं अक्षर छान आहे, म्हणून." म्हणजे अर्ज खरा आहे म्हणून नव्हे.

३० मे

उत्तर आले.

'अर्जदारांनी उल्लेखिलेला माशांचा आवाज शास्त्रास ज्ञात नाही. सबब अर्जाचा विचार करण्याचे कारण दिसत नाही.'

ओसरीवर मी ते वाचले. मग बाबांनी विचारले, "म्हणजे काय म्हणतात?"

"मासे बोलत नाहीत, म्हणतात."

"त्यांच्याशी नसतील बोलत."

३१ मे

'सबब'. किती गुळगुळीत शब्द आहे. कोणावरही घसरवता येतो.

६ जून

संध्याकाळी मी केरोसीनचा दिवा पुसत होते. अबांग येऊन उंबऱ्यावर बसला. तो माझ्याकडे कधी काही मागत नाही, मागायचे असले की आधी माझी थट्टा करतो.

"पंडितीणबाई, एक सांगा. कागदात काय काय करू नये म्हटलंय?"

"होडी बांधू नये. बोया हलवू नये. मोडू नये."

"घंटेला कापड गुंडाळू नये, असं आहे?"

मी कागद काढला. त्या दिवशी मी वाचून दाखवल्यावर तोकनी तो मलाच ठेवायला दिला होता. पुन्हा पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला.

"नाही. तसे लिहिलेले नाही."

"नक्की?"

"लाझिम, मी वाचलेले कधी चुकते का?"

"नाही चुकत," तो म्हणाला. मग हळूच, "बाबांना एकदा शांत पाणी मिळालं पाहिजे. एक सकाळ. जुसोहच्या डोळ्यांदेखत एकदा नाव भरली की झालं. कापड लगेच सोडू. आपण कुणाचं काय मोडतोय?"

मला ते पटले. नुसते पटले नाही, आनंद झाला. सरकारच्या कागदात एक दार उघडे राहिले होते आणि ते मला सापडले होते. परीक्षेत अवघड प्रश्न सुटला की व्हायचा तसाच आनंद.

९ जून

अबांगला धरून नेले.

पहाटे निघाले. आधी दांड्यावर गेले. अबांग बोयावर चढला आणि घंटेच्या चारही हातोड्यांना त्याने जुने जाळे गुंडाळले, वर आईचे नेसायचे विटके सारोंग. घंटा मुकी झाली. नाव झापांपाशी जाऊन थांबणार, बाबा उतरणार, ऐकणार, आणि परतताना कापड सोडायचे. अबांग बोयावरच राहिला, गाठ सुटू नये म्हणून. गाठ धरून बसला! पळायला होडीसुद्धा ठेवली नाही, कारण बोयाला होडी बांधू नये असे लिहिले होते.

पाक जुसोहने सांगितले ते असे. नाव झापांपर्यंत पोचली. बाबांनी अंगरखा काढला, एक पाय पाण्यात टाकला. तेवढ्यात दांड्याकडून सरकारी लाँचची शिटी ऐकू आली. सगळ्यांनी मागे पाहिले. बाबांनी पाय वर घेतला.

डोके पाण्याखाली गेलेच नाही. एक सकाळ हवी होती, एक श्वासभर वेळ हवा होता. तेवढाही मिळाला नाही.

लाँचवरच्या साहेबाला अबांग म्हणाला म्हणे, "कापड घातलंय साहेब, मोडलं काही नाही. आमच्या बहिणीनं कागद वाचलाय."

२२ जून

शहरात गेलो होतो — तोक, आई, मी. बाबा आले नाहीत. कोर्टात अबांगला एकच प्रश्न विचारला: कापड तू बांधलेस? तो हो म्हणाला. दुभाष्याने 'हो' चे भाषांतर करायला मात्र बराच वेळ घेतला.

तीन महिने सक्तमजुरी.

मी कारकुनापाशी गेले. कशी गेले ते माहीत नाही. कागद पुढे केला आणि विचारले, यात कापडाविषयी कुठे आहे? तो आमच्याच लोकांपैकी, तोंडात विडा. त्याने कपाटातून इंग्रजी कागद काढला. अकरा ओळी होत्या. बोट ठेवून त्याने मला आमच्या भाषेत सांगितले: 'अथवा घंटेच्या वाजण्यास कोणत्याही प्रकारे प्रतिबंध करू नये, केल्यास कैदेची शिक्षा होईल.'

"हे आमच्या कागदात नाही," मी म्हटले.

"मूळ लांब होतं आणि छापायचा कागद लहान होता. मुद्द्याचं तेवढं घेतलं." मग माझ्याकडे पाहून, अगदी दयाळूपणे, "तुम्ही लोक वाचता थोडंच?"

मला बोलायला हवे होते. घरी येईपर्यंत मी त्याला सहा उत्तरे दिली. तिथे एकही नाही.

अबांगला नेताना आईने सारोंगचे बोचके पुढे केले, ते शिपायाने उघडून पाहिले. अबांग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू बरोबरच वाचलंस. होतं तेवढं वाचलंस."

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

२३ जून

मी वाचलेले चुकत नाही.

११ जुलै

पाक जुसोहने दुसरी नाव धरली, नऊ माणसे त्याच्याबरोबर गेली. जाताना आमच्या पायरीशी आला होता. वल्हे वाळूत रोवले नाही, नुसते हातात धरले. "देरामान, राग मानू नकोस. पोरांना भात लागतो. नशिबावर जाळं टाकीन, पण टाकीन तरी."

"जा," बाबा म्हणाले. "घंटा गेली की परत ये."

"गेली तर येईन. अंगठा उठवला होता मी."

बाबा आता उरलेल्या तीन माणसांना घेऊन जातात. रोज डोके बुडवतात, रोज वर येऊन मान हलवतात. बुदू आणि भात, भात आणि बुदू. चव माशांच्या खाऱ्या रसाची, मासा नाही. आई म्हणते, घरातसुद्धा त्यांना हल्ली दोनदा हाक मारावी लागते. मुलगा कैदेत असताना कोणाचे लक्ष थाऱ्यावर असेल? मी आईला तसे म्हटले. जरा तोडूनच म्हटले.

घंटेचा मी इतका द्वेष करते आहे की त्याची मलाच भीती वाटते. निर्जीव वस्तूचा कोणी इतका करू नये. पण ज्यांचा करायचा ते कागदाच्या पलीकडे असतात, आणि सही वाचता येत नाही.

७ ऑगस्ट, शुक्रवार

नवा कागद.

'आगबोटीच्या कप्तानांनी घंटा पुरेशी ऐकू येत नसल्याचे कळविल्यावरून सदर घंटा काढून घेण्यात आली असून तिच्या जागी दिव्याचा बोया बसविण्यात आला आहे.'

ते वाक्य मी दोनदा वाचले. पुरेशी ऐकू येत नाही! त्रेसष्ट अंगठ्यांनी सांगितले की फार ऐकू येते, तेव्हा कारण दिसले नाही. एका माणसाने पत्र लिहिले की ऐकूच येत नाही, आणि घंटा गेली. अबांग अजून खडी फोडतो आहे, आणि जिच्यासाठी फोडतो ती घंटा आता एखाद्या वखारीत कोपऱ्यात पडली असेल.

या वेळी मी दाराआडून म्हटले, "तोक, मूळ इंग्रजी कागदही मागवा." ओसरीवरच्या माना दाराकडे वळल्या. मी आजवर कागदाबाहेरचा शब्द तिथे बोलले नव्हते. तोक म्हणाले, "मागवतो, पोरी."

पण बाबा उठून उभे राहिले होते. पाक जुसोहकडे गेले, सगळ्यांसमोर. "उद्या नको, परवा. सगळे चला." आणि पाक जुसोह म्हणाला, "शब्द दिलाय मी. येतो." चौदातला एक माणूस कमी असेल, एवढेच.

आईने संध्याकाळी तांदूळ जास्त भिजत घातले.

९ ऑगस्ट

नाव दुपारी परतली. रिकामी. पाक जुसोह टोचून एक शब्दही बोलला नाही. उतरताना त्याने बाबांना हात दिला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

बाबा पायरीवर बसले. केसांतून पाणी गळत होते. "तू कागद नीट वाचला नाहीस, कल्थुम. अजून वाजतेय ती."

"बाबा, बोया बदललाय. सगळ्यांनी पाहिला."

"मग हे काय आहे?" त्यांनी मान कलती केली. समुद्र ओहोटीला लागला होता, अंगणात कोंबडीसुद्धा बोलत नव्हती. "इथं. या घडीला. तुला ऐकू येत नाही?"

मी म्हटले, "येते."