गालिच्यावरचा दीडशे

मंगळवार, ४ मार्च. सकाळी १०.४०
दातांच्या डॉक्टरांच्या हॉलमध्ये, सोफ्यामागे पालथा पडून सबवूफरची वायर भिंतीलगत चिकटवत होतो. मास्तर आले. नेहमीप्रमाणे बूट दाराबाहेर, मोजे खिशात, आणि डोळे मिटून खोलीच्या मधोमध, जाड गालिच्यावर उभे. मी चाचणीचं गाणं लावलं. म्हणाले, वर घे. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झचा १०० केला. आणखी वर. १२०. आणखी. १५० ला "हं" म्हणाले.

क्रॉसओव्हर म्हणजे वाटणी. त्या आकड्याखालचे जाड आवाज सबवूफरकडे, वरचे बाकीच्या स्पीकरांकडे. मास्तरांनीच शिकवलंय – ८० च्या आसपास ठेव, फार वर गेलास तर माणसाचं बोलणंसुद्धा सबवूफरच्या डब्यातून येतं. मग आज १५० का? विचारलं नाही. कामाला लागून तीन महिने पुरे व्हायला सतरा दिवस आहेत. "कान तयार झाले की कायम करीन," असं म्हणालेत. आकडा वहीत लिहिला. दोनदा तपासला.

बुधवार, ५ मार्च
डॉक्टरांचा फोन. त्यांच्या सासूबाई म्हणतात, बातम्या सांगणारा माणूस सोफ्यामागे बसलाय.

गुरुवार, ६ मार्च
एकटाच गेलो. सासूबाईंनी मला त्यांच्या जागेवर बसवलं. खरंच मागे बसलाय! बायका टीव्हीतून बोलतात, पुरुष तेवढे पाठीमागून. "एवढं लपून बोलण्यासारखं काय केलंय यांनी?" असं सासूबाईंनी जावयाकडे बघत विचारलं. डॉक्टर पेपर वाचत राहिले.

१५० चे ८० केले. माणूस टीव्हीत परत गेला. मास्तरांना सांगितलं नाही.

घरी जेवण गेलं नाही. आई म्हणाली, तोंड का पाडलंयस, नोकरी गेली का? म्हटलं, अजून नाही.

शनिवार, ८ मार्च
काम पुरं झाल्याची सही घ्यायला मास्तर स्वतः डॉक्टरांकडे जाऊन आले. सही घेतली आणि पुन्हा १५० करून आले. मला विचारलं, आकडा कोणी हलवला? सासूबाईंनी, म्हणालो. सासूबाईंना रिमोट उलटा की सुलटा हेही कळत नाही.

सोमवार, १० मार्च
वही पहिल्या पानापासून तपासली. एकोणीस घरं. लाकडी जमीन – ८०. फरशी – ८० किंवा ९०. गालिचा – १२०, १४०, १५०. खोलीच्या मापाशी मेळ बसत नाही, स्पीकरांशीही नाही. फक्त पायाखाली काय आहे त्याच्याशी.

लोक म्हणतात, मास्तर अनवाणी उभे राहतात, केवढी तंद्री लागते! तंद्री नाही ती. जाड आवाज कानांनी नाही, तळव्यांनी मोजतात. जाड गालिच्यावर तळव्यांना काही लागत नाही, मग डब्यातून कानाला ऐकू येईल असं काहीतरी निघेपर्यंत आकडा चढवत नेतात.

माझंच चुकत असेल.

मंगळवार, ११ मार्च
चुकत नाही. आज दुकानात मास्तर स्टुलावर बसून सोल्डरिंग करत होते. पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर, जमिनीला टेकलेले नाहीत. त्यांच्या मागच्या सबवूफरवर ४० हर्ट्झचा जाड सूर लावला आणि हळूहळू वाढवला. काउंटरवरच्या ग्लासातलं पाणी थरथरायला लागलं. शेजारचा चष्मेवाला डोकावून म्हणाला, माझ्या काचा फोडता का? मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सूर बंद केला. चष्मेवाल्याचं बोलणं त्यांना नीट ऐकू आलं होतं. सूर नव्हता आला.

मी हे करायला नको होतं.

बुधवार, १२ मार्च
मास्तरांना सांगितलं – आकडा सासूबाईंनी नाही, मी हलवला. ते स्क्रू निवडत होते. लांब एकीकडे, आखूड एकीकडे. सगळे निवडून झाल्यावर म्हणाले, "तुला काल कळलं. मला कळून दोन वर्षं झाली." मग म्हणाले, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. ऐकायचं तू. डोळे मिटून मीच उभा राहतो, लोकांना सवय आहे."

कायम झालो का, ते विचारायचं राहिलं.