फूटभराच्या आतले मासे

शनिवार, ७ मार्च

मिस्टर हॉइट स्टॉलवर्थ यांच्या घरी जाऊन आलो. शर्टाला दोनदा इस्त्री केली होती. टॅन्सी त्यांची एकुलती एक मुलगी. बँकेत काउंटरवर असते आणि थँक्सगिव्हिंगपासून माझ्याशी हसून बोलते. तिच्याबरोबर फिरायला जायची रीतसर परवानगी मागायची, असं ठरवून गेलो होतो. वाक्य पाठ होतं.

मिस्टर हॉइट ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि मी वाक्य विसरलो. तोंडातून निघालं, "सर, तुमच्या तळ्यावर बॅस मासे धरायला येऊ का?"

ते म्हणाले, "खुशाल ये, पोरा. अट एकच. फूटभराच्या आतला बॅस परत पाण्यात टाकायचा नाही. बादलीत टाकायचा आणि माझ्या स्वयंपाकघरात आणून द्यायचा. आणि मोठी मादी दिसली तर तिला हात लावायचा नाही."

संध्याकाळी शांतपणे विचार केला. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस लहान जीव मारायला सांगेल का? टीव्हीवरचे सगळे नावाजलेले बॅसवाले मासा धरतात, त्याच्याशी दोन शब्द बोलतात आणि सोडून देतात. तेव्हा ही परीक्षा आहे, हे उघड आहे. लोभी माणूस बादली भरेल. सज्जन माणूस लहान सगळे सोडून देईल आणि एकच धरेल, जो आजवर कुणाला धरता आला नाही. "हात लावायचा नाही" हे तर सरळसरळ आव्हान आहे.

निश्चय: ईस्टरच्या आत मोठी बॅस. मग टॅन्सीचा विषय.

सोमवार, ९ मार्च

सामान आणलं. रबरी गांडुळं तीन रंगांत, कारण आमच्याकडच्या लाल मातीच्या पाण्यात कुठला रंग दिसेल हे आधी सांगता येत नाही. एक रबरी बेडूक. स्पर्धावाले वापरतात तसलं रीळ. दुकानदार म्हणाला, "अर्ध्या एकराच्या तळ्याला हे कशाला? नवशिक्याला साधं रीळ बरं." मी नवशिका नाही, असं त्याला नम्रपणे सांगितलं. सबंध हिवाळा मी टीव्हीवर हेच पाहिलं आहे.

मंगळवार, १० मार्च

अंगणात फेकण्याचा सराव. पहिल्याच फेकीत आईची चर्चला घालायची हॅट दोरीवरून उचलली गेली. आई म्हणाली, "वजनाला चांगली आहे, तळून टाक." आईला खेळातलं काही कळत नाही.

शनिवार, १४ मार्च

पहिला दिवस. लहान तळ्याचा पहिला नियम हा की माशाला आपण दिसता कामा नये. म्हणून हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घातले आणि बांधावरून सरपटत पाण्यापर्यंत गेलो. मिस्टर हॉइटच्या गाईंना हा प्रकार नवा असावा. सगळ्या मिळून माझ्या मागोमाग आल्या आणि काठावर रांगेत उभ्या राहिल्या. त्यामुळे लपण्याचा उपयोग झाला नाही.

तिसऱ्या फेकीत रिळात दोरीचं घरटं झालं. ते सोडवण्यात सकाळ गेली. यात चूक वाऱ्याची होती.

दुपारी वीतभर बॅस लागला. हडकुळा, डोकं मोठं, पोट खपाटीला. त्याला ओल्या हातांनी धरलं, कारण कोरड्या हातांनी त्याचा बुळबुळीत थर निघतो, आणि "मोठा हो" म्हणून सोडून दिलं. ओसरीवरून मिस्टर हॉइट ओरडले, "कुठे गेला?" मी ओरडून सांगितलं, "सोडला, सर!" ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. आदराची नजर ओळखू येते.

मग टॅन्सी गार चहाचे दोन ग्लास घेऊन बांधावर आली. माशांना पावलांची चाहूल जमिनीतून लागते. म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं आणि हाताने थांबायची खूण केली. ती थोडा वेळ उभी राहिली, दोन्ही ग्लास स्वतःच प्यायली आणि परत गेली. समजूतदार मुलगी आहे.

रविवार, १५ मार्च

चर्च सुटल्यावर रेबर्न भेटला. हा स्टॉलवर्थांच्या शेजारी कोंबड्या पाळतो. अंगाला तसा वासही येतो. काल मी गेल्यावर तो बांबूची काठी आणि रातकिड्यांचा डबा घेऊन तळ्यावर गेला म्हणे, आणि लहान बॅसनी भरलेली बादली स्वयंपाकघरात देऊन आला. मला म्हणतो, "काय रे लीलंड, तू पाण्यात मासे सोडायला जातोस की धरायला? तुझ्यापेक्षा बगळा बरा, तो निदान गिळतो तरी."

मला त्याची कीव आली. बिचारा परीक्षेत साफ नापास झाला आणि त्याला पत्ताही नाही.

शनिवार, २१ मार्च

थंडीची लाट आली. हवेचा दाब वाढला की बॅसचं तोंड बंद होतं. तरी चार लागले, सगळे वीतभरच. चारही सोडले.

मिस्टर हॉइट स्वतः बांधावर आले. माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागले, "हे बघ पोरा. हे तळं म्हणजे दहा पोरांना एकच पातेलं पेज, अशातली गत झाली आहे. सगळी उपाशी. कोणीच वाढत नाही. निम्मी पोरं उचलली, तर उरलेल्यांना खायला मिळेल. म्हणून लहान काढायचे. कळलं?"

मी म्हणालो, "कळलं, सर."

"नक्की?"

"नक्की, सर."

त्यांनी पुन्हा मला, म्हणजे उमेदवाराला, मोहात पाडून पाहिलं. उदाहरण चांगलं होतं. साधा माणूस फसला असता. ते वळून घराकडे निघाल्यावर लगेच पाचवा लागला. तोही सोडला, जरा आवाज होईल असा, म्हणजे त्यांना कळावं. त्यांनी मागे वळून पाहिलं, टोपी काढली, कपाळ पुसलं आणि गेले. भरून आलं असावं.

मंगळवार, २४ मार्च

बँकेत गेलो होतो. काम काही नव्हतं, सुटे घेतले. टॅन्सी म्हणाली, "लीलंड, पप्पा सांगतात ते कर ना एकदा. दोन मासे बादलीत टाकलेस तर तुझं काय जाईल?" वडिलांच्या बाजूने ती पण माझी परीक्षा घेते, म्हणजे दोघांनी मिळून ठरवलेलं दिसतं.

मग काचेवरचा नसलेला डाग पुसत म्हणाली, "शनिवारी को-ऑपच्या हॉलमध्ये नाच आहे. मला अजून कोणी विचारलं नाही."

मी म्हणालो, शनिवारी हवा गरम होणार आहे, मोठ्या माद्या काठाकडे यायला लागतील, त्यामुळे गर्दी हॉलमध्ये असलेलीच बरी, तळं शांत राहील.

ती म्हणाली, "पुढचं गिऱ्हाईक."

मागे खरोखरच गिऱ्हाईक होतं.

शनिवार, २८ मार्च

आदल्या दिवशी पाऊस. तळं टोमॅटोच्या सुपासारखं. गढूळ पाण्यात काळं गांडूळ आणि खुळखुळणारं आमिष चालतं, असं वाचलं होतं. खुळखुळणारं आमिष बुडलेल्या फांदीत अडकलं. त्याच्यामागे रबरी बेडूक पाठवला, तोही अडकला. अंधार पडेपर्यंत बसलो. दूरवरून हॉलमधलं फिडल ऐकू येत होतं. ओसरीवर कोणी नव्हतं.

एक वीतभर लागला. सोडला. आता मासे मला ओळखायला लागले असावेत.

रविवार, २९ मार्च

चर्चमध्ये टॅन्सी माझ्या मागच्या बाकावर होती. रेबर्नच्या अंगाला आज कोंबड्यांचा वास नव्हता, कसल्या तरी अत्तराचा होता. तो कोंबड्यांपेक्षा वाईट. पाय दुखतात म्हणून सारखा बूट सैल करत होता. नाचून दुखत असतील. कोणाबरोबर नाचला, हे विचारायचं राहिलं. दुसऱ्याच्या भानगडीत मी पडत नाही.

बुधवार, १ एप्रिल

मासे शोधायचं यंत्र आणलं. पडद्यावर पाण्याखालचं सगळं दिसतं. आई म्हणाली, "त्या तळ्याच्या मधोमध उभं राहिलं तर पाणी तुझ्या छातीला लागतं. आत उतरून बघ ना." आईशी वाद घालत नाही.

गुरुवार, २ एप्रिल. कामावरून सुटल्यावर.

यंत्रात सांडव्याच्या पाइपाजवळ प्रचंड काहीतरी दिसलं. हलत नव्हतं. दबा धरून बसलेली असणार. अंधार पडेपर्यंत तिच्यापुढे गांडूळ नाचवलं. ढिम्म. शेवटी मिस्टर हॉइट काठावरून म्हणाले, "पोरा, ते ट्रॅक्टरचं टायर आहे. मीच टाकलंय."

मासा टायरच्या आत असणार.

शनिवार, ४ एप्रिल

धरली! धरली!

जसं घडलं तसं लिहितो. पाणी निवळलं होतं. पाइपाच्या अलीकडे उथळात, तळाशी ताटाएवढा स्वच्छ खड्डा होता आणि त्यावर ती उभी होती. अंडी घालायला आलेली. माझ्या मांडीएवढी. मी फेकलं आणि नेमकं त्याच क्षणी रिळात घरटं झालं. गांडूळ खड्ड्यात पडलं आणि तिथेच पडून राहिलं. मी मान खाली घालून गुंता सोडवत होतो. गांडूळ पूर्ण स्थिर ठेवणं हेच तिला आवडलं. तिने ते उचलून बाजूला टाकायला तोंडात घेतलं असेल-नसेल, तोच दोरी हातातून ओढली गेली. रीळ चालत नव्हतं, म्हणून रॉड खांद्यावर टाकून सरळ बांधावर पळत सुटलो. ती मागोमाग आली. गाईही आल्या.

जे धराल ते स्वयंपाकघरात आणून द्यायचं, ही अट मला पाठ होती. बांधावरच तिचा शेवट केला आणि दोन्ही हातांवर घेऊन मागच्या दाराने आत गेलो. मिस्टर हॉइट टेबलाशी कॉफी पीत होते. मासा त्यांच्यापुढे ठेवला.

ते हळूच उठले. टोपी काढून छातीशी धरली. मग तिच्या कल्ल्यावरून बोट फिरवून म्हणाले, "सहा वर्षं. सहा वर्षं हिला वाढवली. तळ्यात एवढी ही एकच होती. आणि पोटात अंडी."

मी म्हणालो, "थँक यू, सर."

टॅन्सी चुलीशी होती. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि पाठ फिरवली. मी खोटं लिहीत नाही, तिचे खांदे हलत होते. आनंदाने रडत होती की कसं, ते पाठमोरं कळलं नाही. मग ती मोठ्याने हसली आणि पळत बाहेर गेली.

मिस्टर हॉइट म्हणाले, "उद्या ईस्टर आहे. जेवायला ये. आईलाही आण. मासा एवढा आहे तर खाल्ला पाहिजे."

आमंत्रण! वाक्य परत पाठ करतो आहे.

रविवार, ५ एप्रिल. ईस्टर.

लिहायची इच्छा नाही. पण घडलं ते लिहायचं, हा माझा नियम आहे.

टेबलावर दोन ताटं होती. एकात माझी बॅस. जाड, कापसासारखी, चवीला चिखल. दुसऱ्यात रेबर्नच्या बादलीतले वीतभर मासे, मक्याच्या पिठात कडक तळलेले. ते आधी संपले. आईनेही तेच घेतले. रेबर्नही जेवायला होता. का होता, हा विचार मी केला नाही.

जेवण झाल्यावर मी उभा राहिलो. गोड चहाचा ग्लास सांडला, तरी वाक्य न अडखळता म्हटलं. मी तुमची परीक्षा पुरी केली आहे, सर, लहान सोडले आणि मोठी धरली, आता टॅन्सीबरोबर फिरायला जायची परवानगी असावी.

मिस्टर हॉइट म्हणाले, "कसली परीक्षा?"

आई सांडलेला चहा पुसायला लागली.

ते म्हणाले, "अरे पोरा, तळ्यात मासे जास्त झाले होते. म्हणून काढ म्हटलं. आणि परवानगी मला कशाला विचारतोस? मी थोडाच येणार आहे तुझ्याबरोबर फिरायला? चोवीस वर्षांची आहे ती. तोंड आहे तिला. चांगलं चालतं, मी रोज ऐकतो."

सगळे टॅन्सीकडे पाहायला लागले. तिने काटा खाली ठेवला. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "लीलंड, मी चहा घेऊन आले, तू ओठांवर बोट ठेवलंस. नाचाचं मी माझ्या तोंडाने सांगितलं, तू हवामान सांगितलंस. सगळा मार्च मी वाट पाहिली रे. तुला येऊन एक वाक्य बोलायचं होतं. मला. पप्पांना नाही, माशाला नाही."

मी म्हणालो, "आता बोलू का?"

ती म्हणाली, "आता रेबर्नचं बोलून झालंय. नाचाला येतेस का विचारलं, मी गेले. मग नाचताना अजून एक विचारलं."

रेबर्न खाली पाहून पावाचा तुकडा कुस्करत होता. बगळ्याचा विनोद करील असं वाटलं होतं. केला नाही.

घर आल्यावर आई म्हणाली, "मासा खारट नव्हता, बाळा. एवढं बरं होतं."

गुरुवार, ९ एप्रिल

गेलो नाही. वारा होता.

शनिवार, १८ एप्रिल

पुढच्या शनिवारी स्टॉलवर्थांच्या अंगणात टॅन्सीच्या साखरपुड्याचं जेवण. मासे तळणार, ते आजपासून धरायचे. मिस्टर हॉइटनी निरोप धाडला होता, "येऊन हात लाव. रीळ आणू नकोस." गेलो. न जाणं बरं दिसलं नसतं. आणि पद्धत एकदा बदलून पाहायला हरकत नाही, असं सकाळीच ठरवलं होतं.

बांबूची काठी, बुचाचा तरंगा, रातकिडा. फळकुटांच्या छोट्या धक्क्यावर पाय सोडून बसलो. किडा पाण्यात पडला की तरंगा बुडायचा. लागला की बादलीत, लागला की बादलीत. एकही सोडला नाही. बादली अर्धी झाली. मिस्टर हॉइट म्हणाले, "आता कसं! हात चांगला आहे तुझा." असं मला यापूर्वी कोणी म्हटलं नव्हतं.

ऊन छान होतं. टॅन्सी बांधावरून अनवाणी आली. हातात चहाचे दोन ग्लास. मी काठी खाली ठेवली आणि केस नीट केले.

ती म्हणाली, "लीलंड, जरा कडेला होतोस? रेबर्नला बसायला जागा नाही."

झालो.