पायाळू अक्का

प्रिय अक्का,

जीपवाल्या परशूच्या हाती हे पत्र पाठवतोय. आपल्या घराकडे फोन लागत नाही, आणि लागला तरी तू माझं बोलणं अर्ध्यावर तोडतेस, म्हणून कागद. परशूला चहा दे, पण त्याची जीप परत जाऊ देऊ नकोस. शेवटपर्यंत वाच, मग हवं तेवढं बोल मला.

आधी माझं सांगतो. बेळगावचं पाणी मानवलंय म्हण. ताप उतरलाय, पेज जाते, आणि काल भिंतीला धरून वॉर्डाच्या दारापर्यंत चाललो. शेजारच्या खाटेवरचे उमाजीमामा म्हणाले, "नव्या नवरीवानी चालतोस की रं!" मला हसू आलं आणि मग रडूच कोसळलं. पाय जाईल, कदाचित मीच जाईन, ही भीती मनात घर करून बसली होती. कुणाला बोललो नाही. तुलाच बोलतोय.

भाताची लावणी संपता संपता माझी कंबर धरली, तेव्हा आपण दोघंही उसण भरली असंच धरून बसलो. तू पायाळू, जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. उळवीच्या जत्रेला निघालेली माणसंसुद्धा वाट वाकडी करून कमरेला तुझा पाय लावून घ्यायला येतात, मग सख्ख्या भावाने दुसरीकडे कशाला जावं? तू पाय लावलास, तेल चोळलंस, विटेने शेकलंस. गुडघा पोटाशी घेऊन पडलो की जरा बरं वाटे, पाय सरळ केला की जीव कासावीस होई. थंडी वाजून ताप यायचा, तर आपण म्हटलं, चिखलात भिजल्यामुळे असेल.

इथल्या डॉक्टर अश्विनीबाई तुझ्या लेकीपेक्षा, तारापेक्षा, थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी कंबर चोळली नाही की दाबली नाही. उताणं निजवून पाय सरळ करायला सांगितला, आणि मी ओरडलो. एक्स-रेत हाडं धड होती. मग त्यांनी विचारलं, अंगावर कुठे जखम पिकली होती का? मला घोट्याला चावलेली जळू आठवली. खाजवून खाजवून ती जागा पिकली होती, तू चुना लावला होतास. तिथले जंतू रक्तातून आत गेले आणि मणक्यापासून जांघेत उतरणाऱ्या खोल स्नायूत पू धरला. तो स्कॅनमध्ये दिसला. सुई घालून पू काढला, आत नळी ठेवली, आणि त्या जंतूंना कोणतं औषध लागू पडतं ते तपासून शिरेतून सुरू केलं. अजून बरेच दिवस घ्यायचंय. पू तुझ्या पायामुळे झाला नाही, हे मी बाईंना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. फक्त दिवस वाया गेले. आणखी गेले असते तर मी हाती लागलो नसतो, असं त्या म्हणाल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलं असतं तर तू कागद चुलीत घातला असतास. आज परशू मला बघायला आला आणि सहज बोलून गेला, "तारा बी तुज्यावानीच गुडघा पोटाशी घिऊन पडलीया. ताप हाय. अक्का उद्या पाय लावणार हाय." मी त्याला थांबवलं आणि कागद मागून घेतला. ती माझ्याच शेजारी लावणीला होती, आणि तिच्या पोटरीवरची जळवेची जागा पिकलेली मी पाहिली होती. माझी भीती खोटी निघू दे, मग गावभर मला हस. पण तिला पाय लावू नकोस अक्का, तेलही लावू नकोस. तिचा पाय सरळ होवो न होवो, ताप आहे ना, मग उद्यापर्यंत थांबू नकोस. अश्विनीबाईंना सांगून ठेवलंय, त्या वाट बघतायत. परशूने मागच्या सीटवर गोधडी अंथरलीय. ताराला तिच्यावर निजव, घराला कडी घाल आणि तूही बस.

तुझाच,
झिलू